हिरडीच्या खिशातलं औषध

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



"डॉक्टर, दुखत काहीच नाही, फक्त सकाळी थुंकीत थोडं रक्त दिसतं." माझ्या दवाखान्यात हे वाक्य रोज कुणाच्या तरी तोंडून ऐकू येतं आणि त्यातल्या 'फक्त' या शब्दाची मला धास्ती वाटते. दात किडला की माणूस रात्रभर गालाला हात लावून बसतो आणि सकाळी आमच्या दारात हजर होतो. हिरडीचा आजार तसा नाही. तो वर्षानुवर्षं गुपचूप दाताभोवतीचं हाड पोखरत राहतो. दात हलायला लागेपर्यंत अर्धं हाड गेलेलं असतं, आणि गेलेलं हाड आपोआप परत येत नाही.

या आजाराला आपल्याकडे सर्रास पायोरिया म्हणतात. आम्ही डॉक्टर मंडळी पेरिओडोंटायटिस म्हणतो. त्याच्या एका उपचाराविषयी आज बोलायचं आहे. हिरडीच्या आत ठेवायचं आणि तिथे आठवडाभर हळूहळू झिरपत राहणारं जंतुनाशक औषध, हा तो उपचार. हल्ली पेशंट स्वतःहून विचारतात, "ती चिप ठेवतात म्हणे, तीच ठेवा ना!" या प्रश्नाचं खरं उत्तर पाच मिनिटांत देता येत नाही आणि बाहेर बाकावर आणखी सहा जण वाट बघत असतात. नभोवाणीवर थोडा निवांत वेळ मिळतो आहे, तो वापरून घेतो.

सदऱ्याची कॉलर मानेभोवती बसते तशी हिरडी दाताभोवती बसलेली असते. मान आणि कॉलर यांच्यामध्ये थोडी फट असते, तशीच दात आणि हिरडी यांच्यामध्येही असते. निरोगी तोंडात ही फट १ ते ३ मिलिमीटर खोल. रोज घासूनही जो चिकट, पिवळसर थर दाताच्या मुळाशी राहतो, तो जंतूंचा असतो. लाळेतल्या क्षारांनी तो कडक झाला की त्याला आपण कीटण म्हणतो. हा थर हिरडीखाली उतरत गेला की हिरडी सुजते, दातापासून सुटते आणि फटीचा खिसा होतो. ४ मिलिमीटर, ५, ७, क्वचित १० सुद्धा. खुणा केलेली बारीक सळई आत घालून आम्ही हा खिसा मोजतो. एकेका दाताभोवती सहा ठिकाणी. पेशंटला हा प्रकार कंटाळवाणा वाटतो, पण तुमच्या डॉक्टरांनी ही मोजणी केली नसेल तर खुर्चीवरून उठण्याआधी तुम्ही ती मागून घ्या.

आता साहजिक प्रश्न असा, की जंतूच आहेत तर औषधाची चूळ भरून ते मरत का नाहीत? पहिलं कारण सोपं आहे. चूळ खिशात उतरतच नाही. ब्रशही हिरडीखाली जेमतेम मिलिमीटरभर जातो. दुसरं कारण मात्र मला स्वतःला विद्यार्थी असताना फार नवलाचं वाटलं होतं. हा खिसा कोरडा नसतो. सुजलेल्या हिरडीतून एक पातळ द्रव सतत आत झिरपतो आणि वरून तोंडात वाहून जातो. ५ मिलिमीटरच्या एका खिशात हा द्रव मावतो सुमारे अर्धा मायक्रोलिटर, म्हणजे पाण्याच्या एका थेंबाचा शंभरावा हिस्सा. आणि तो बदलतो तासाला सुमारे ४० वेळा. दर दीड मिनिटाला खिसा धुऊन निघतो! पिचकारीने आत औषध सोडलं तरी ते वाहत्या पाटात साखर टाकल्यासारखं होतं.

तिसरं कारण सव्वातीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच एका माणसाच्या लक्षात आलं होतं, आणि तो माणूस डॉक्टर नव्हता. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी, आंतोनी वान लेवेनहूक. कापडाचे धागे पारखता पारखता भिंगं घासण्याचा नाद लागलेला. १६८३ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवलं, की आपण मिठाने दात घासतो, कोरतो, फडक्याने पुसतो, तरीही दातांच्या फटीतल्या पांढऱ्या राबाड्यात असंख्य जीव वळवळताना दिसतात. त्याने त्यांच्यावर व्हिनेगर घालून पाहिलं. मोकळे जीव तत्काळ मेले. पण व्हिनेगरने चूळ भरून पाहिली तेव्हा थराच्या बाहेरच्या अंगाचे तेवढे मेले आणि आतले जिवंत राहिले. आज आपण या थराला बायोफिल्म म्हणतो. जंतू स्वतःभोवती चिकट गिलावा करून वस्तीने राहतात आणि मोकळ्या जंतूंना जेवढं औषध पुरतं त्याच्या शेकडो पट औषध या वस्तीला लागू शकतं. व्यापारी असून त्याने हे पाहिलं आणि जसंच्या तसं लिहून ठेवलं, याचं मला अजून कौतुक वाटतं.

मग गोळ्या? हिरडी सुजली की आपल्याकडे माणूस आधी केमिस्टच्या दुकानात जातो. तिथून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या येतात, दोन घेतल्या की सूज उतरते, उरलेल्या दोन पुढच्या सुजेसाठी कपाटात जातात. खिसा जिथल्या तिथे. काही ठरावीक पेशंटना आम्हीही गोळ्या देतो, नाही असं नाही. पण हिशोब बघा. अॅमॉक्सिसिलिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, सात दिवस. एकूण साडेदहा ग्रॅम औषध पोटातून, रक्तातून साऱ्या शरीरभर फिरणार, आणि त्यातलं किती दाताच्या खिशात पोचणार? पोटातल्या आणि घशातल्या ज्या जंतूंशी आपलं काही भांडण नाही, त्यांच्यावरही ते चालून जातं. औषधाला न जुमानणारे जंतू वाढण्याचं जे संकट आज सगळीकडे आहे, त्यात या कपाटातल्या दोन गोळ्यांचाही वाटा आहे.

अमेरिकेत बॉस्टनच्या फोर्सिथ संस्थेत मॅक्स गुडसन नावाचे संशोधक होते. त्यांनी प्रश्न वेगळ्या बाजूने धरला. औषध योग्य जागी पोचलं पाहिजे, पुरेसं तीव्र असलं पाहिजे आणि पुरेसा वेळ टिकलं पाहिजे. या तीनपैकी टिकण्याचीच अडचण मोठी होती. १९७९ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेल्युलोज अॅसिटेटच्या पोकळ, केसासारख्या बारीक नळ्यांमध्ये टेट्रासायक्लिन भरून त्या खिशात ठेवल्याचा निबंध प्रसिद्ध केला. त्या नळ्यांतून औषध फार लवकर बाहेर पडे. पुढे त्यांनी एक भरीव दोरा वापरला. इथिलिन व्हिनाइल अॅसिटेट या प्लॅस्टिकचा. तुमच्या-माझ्या हलक्या चपलांचे तळ ज्या जातीच्या प्लॅस्टिकचे असतात, तेच हे. अर्धा मिलिमीटर जाडीचा, २३ सेंटिमीटर लांब दोरा आणि त्यात सगळं मिळून १२.७ मिलिग्रॅम टेट्रासायक्लिन. हा दोरा घड्या घालत खिशात दाबून भरायचा, वरून डिंकासारख्या द्रव्याने बंद करायचा आणि दहा दिवसांनी काढायचा. तेवढे दहा दिवस खिशातल्या द्रवात औषधाची जी तीव्रता राही, ती गोळ्यांनी कधीच गाठता आली नसती. आणि रक्तात मात्र त्याचा मागमूस नसे. १९९४ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली.

ज्यांनी तो दोरा भरला त्यांना विचारा! एकेका दाताला इतका वेळ लागे, की पेशंटचं तोंड आणि डॉक्टरची मान दोन्ही अवघडून जात. शिवाय काढण्यासाठी पुन्हा बोलवायचं. पुढे तो दोरा बाजारातून गेला. आपल्याकडे कोलॅजेनच्या तंतूंत टेट्रासायक्लिन भरलेला त्याचा भाऊबंद वापरात आला. तो आपोआप विरघळतो, त्यामुळे काढायची कटकट नाही.

लोक जिला चिप म्हणतात ती जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या संशोधनातून आली. ४ मिलिमीटर रुंद, ५ लांब, जाडी मिलिमीटरच्या एक तृतीयांशाच्या आसपास. तांदळाच्या कणीपेक्षा फार मोठी नाही. जिलेटिनच्या या पापुद्र्यात क्लोरहेक्झिडिन नावाचं जंतुनाशक २.५ मिलिग्रॅम असतं. हे अँटिबायोटिक नव्हे. आपण चूळ भरायला जे वापरतो त्याच कुळातलं. जिलेटिनचे धागे रसायनाने एकमेकांत असे गुंफलेले असतात, की ते पाण्यात चटकन विरघळत नाहीत. पहिल्या २४ तासांत सुमारे ४० टक्के औषध बाहेर पडतं, बाकीचं पुढचे सात-दहा दिवस हळूहळू, आणि शेवटी पापुद्राच नाहीसा होतो. या चिपला अमेरिकेत १९९८ साली परवानगी मिळाली. त्याच वर्षी डॉक्सिसायक्लिनचं एक जेल आलं, जे पातळ अवस्थेत खिशात सोडतात आणि ओल लागताच तिथल्या तिथे घट्ट होतं. २००१ साली मिनोसायक्लिनची भुकटी आली. तिचे सूक्ष्म गोळे ज्या द्रव्याचे असतात, त्याच घराण्यातल्या द्रव्याचे विरघळणारे टाके सर्जन घालतात. आणखी एक जेल होतं मेट्रोनिडाझोलचं, ज्याच्या घटकांत चक्क तिळाचं तेल होतं. आमच्या आजीने तिळाच्या तेलाच्या गुळण्या करायला सांगितलेल्या, त्याची आठवण झाली. अर्थात ते तेल तिथे औषध म्हणून नव्हतं, औषध धरून ठेवायला होतं.

जाता जाता एक गोष्ट सांगितली पाहिजे. जिलेटिन आणि कोलॅजेन ही प्राणिज द्रव्यं आहेत. आपल्याकडच्या काही चिप माशांच्या कोलॅजेनच्या असतात. शाकाहारी पेशंटला हे ठेवण्याआधी सांगणं हे आमचं काम आहे, आणि विचारणं हा तुमचा हक्क. माशांची अॅलर्जी असेल, क्लोरहेक्झिडिन किंवा टेट्रासायक्लिन पूर्वी कधी बाधलं असेल, दिवस गेलेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर तेही न विचारता सांगावं.

हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, की आता चिंता मिटली. मलाही एकेकाळी तसंच वाटलं होतं. म्हणून ही पुढची हकीकत सांगतो, जी मी सहसा सांगत नाही.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. तालुक्याच्या गावी माझा दवाखाना नवा होता, खुर्चीचं कर्ज चालू होतं. शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. चाळिशीच्या. दात हलतात म्हणून दोरा दाताने तोडता येत नाही, ही त्यांची तक्रार. मोजलं तर दाढांभोवती सहा-सात मिलिमीटरचे खिसे. मी म्हणालो, "आतून स्वच्छ करावं लागेल." त्या म्हणाल्या, "नको डॉक्टर. आमच्या शेजारणीने साफ केले, तर तिचे होते ते दातही हलायला लागले. तुमच्याकडे ते औषध ठेवतात ना, तेवढंच ठेवा."

ही समजूत घरोघरी आहे आणि तिला थोडा आधारही आहे. जुनं, जाड कीटण दातांच्या मध्ये सिमेंटसारखं बसलेलं असतं. खालचं हाड गेलेलं असलं तरी ते दातांना एकमेकांशी जखडून ठेवतं. ते निघालं की दात आधी किती हलत होते ते पहिल्यांदा कळतं. हिरडीची सूज उतरली की दात लांब दिसतात, फटी दिसतात, गार पाणी झोंबतं. माणसाला वाटतं, डॉक्टरने बिघडवलं. हे मला त्यांना समजावून सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं. पेशंट उठून जाईल ही भीती होती. वरवर साफ केलं, चार चिप ठेवल्या, पैसे घेतले.

पंधरा दिवसांत रक्त यायचं थांबलं. बाई खूश, मीही खूश. तीन महिन्यांनी यायचं सांगितलं होतं. त्या आल्या चौदा महिन्यांनी, गालाला सूज घेऊन. खिशाच्या तळाशी कीटण होतं तसंच होतं. त्यावरचे जंतू चिप विरघळल्यावर पुन्हा वाढले होते आणि दुखत नसल्यामुळे बाई निर्धास्त होत्या. एक दाढ काढावी लागली. पहिल्याच दिवशी नीट काम केलं असतं तर ती वाचली असती, असं माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. तसं मी त्यांना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. काढलेली दाढ कागदात बांधून घेऊन गेल्या.

नंतर भूल देऊन, दोन बैठकांत, एकेका मुळावरचं कीटण हाताच्या हत्यारांनी खरवडून काढलं. सहा आठवड्यांनी पुन्हा मोजलं. बहुतेक खिसे भरून आले होते, दोनच पाचाच्या वर राहिले होते. त्या दोन जागी चिप ठेवल्या. या वेळी त्या योग्य जागी होत्या.

आकड्यांत सांगायचं तर मुळं नीट साफ केल्यावर मध्यम खिसा साधारण १ मिलिमीटरने आणि खोल खिसा २ मिलिमीटरच्या आसपास उथळ होतो. वर औषध ठेवल्याने त्यात सरासरी पाव ते अर्ध्या मिलिमीटरची भर पडते. एवढीच. पेशंटच्या चेहऱ्यावर निराशा दिसते हे ऐकून. पण साडेपाचाचा खिसा पाचावर आला तर कधीकधी ऑपरेशन टळतं. सगळ्या तोंडभर तीसेक खिसे असताना मात्र एकेकात चिप ठेवत बसणं म्हणजे पैसा पाण्यात. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१५ सालच्या आणि युरोपातल्या हिरडीतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांचा सूरही सावधच आहे: सफाईच्या जोडीला विचार करता येईल, सफाईऐवजी नव्हे. त्यामुळे साफ करून, सहा ते बारा आठवडे थांबून, पुन्हा मोजून जे मोजके खिसे हट्टाने उरतात, ते या औषधाचं गिऱ्हाईक. ज्यांचं वय किंवा हृदयविकार यांमुळे हिरडीचं ऑपरेशन नको, अशांनाही ते उपयोगी पडतं.

मधुमेह असेल तर हिरडीकडे दुर्लक्ष अधिकच महाग पडतं. साखर वाढली की हिरडी बिघडते आणि बिघडलेली हिरडी साखर वाढवते. हिरडीचा नीट उपचार झाल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सीचा आकडा सरासरी ०.४ च्या आसपास खाली येतो, असं अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर दिसलं आहे. आणि मिश्री! तंबाखूने हिरडीच्या रक्तवाहिन्या आखडतात. रक्त येत नाही, हिरडी फिकट आणि घट्ट दिसते, आणि बाईमाणूस म्हणते, "मिश्रीने दात घट्ट राहतात." रक्त यायचं थांबलं, म्हणजे धोक्याची घंटा काढून ठेवली. मिश्री, गुटखा किंवा बिडी चालू असताना सफाई काय आणि चिप काय, दोन्हींचा गुण कमी येतो.

औषध ठेवून घेतलं तर घरी काय करायचं? त्या जागी दहा दिवस दोरा किंवा दातकोरणं घालायचं नाही. चिक्की, भाजलेलं कणीस, चिवट मटण त्या बाजूने चावायचं नाही. बाकी दात नेहमीसारखे घासायचे. एक-दोन दिवस ठणकतं, ते चालतं. पण पू होऊन हिरडी टम्म फुगली असेल तर ही चिपची जागा नव्हे. तिथे आधी पूला वाट करून द्यावी लागते. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकत असेल, ताप असेल, घोट गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, तर दंतवैद्याची वेळ घेत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात.

त्या शिवणकामवाल्या बाई अजून माझ्याकडे येतात. दर तीन महिन्यांनी, न चुकता. आता साठी ओलांडली आहे. उरलेले दात जागेवर आहेत. गेल्या खेपेला मोजलं, तर कुठलाच खिसा चारच्या वर नव्हता. "म्हणजे या वेळी चिप नाही?" त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. मिश्री पूर्वी दिवसातून चारदा होती, ती एकावर आली आहे. त्या एकीवरून आमचं भांडण चालू आहे.